कंपवात : मेंदूत तार घातल्याने नेमके काय होते?

चांदूर बाजार तालुक्यातील एका वाचकाने गेल्या पंधरवड्यात दवाखान्यात चिठ्ठी आणून दिली. मजकूर थोडक्यात असा : वडिलांचे वय ७६. सात वर्षांपासून कंपवात. चालताना दोन वेळा पडले, हल्ली विसरायलाही लागले आहेत. पुतण्याने मोबाइलवर एक चित्रफीत दाखवली, तीत एका माणसाच्या छातीतील यंत्र सुरू करताच त्याचा कापरा थांबतो. "मेंदूत तार टाकून हा रोग बरा होतो काय? होत असेल तर दोन एकर संत्र्याचा बगीचा विकायची आमची तयारी आहे. गिऱ्हाईक आले आहे. महिनाअखेरपर्यंत त्याला सांगायचे आहे."

अशा प्रश्नाला चिठ्ठीने उत्तर देणे बरे नव्हे. शिवाय ती चित्रफीत आपल्या भागात बऱ्याच जणांनी पाहिलेली दिसते, कारण दवाखान्यात हा प्रश्न मला आता वरचेवर विचारला जातो. म्हणून आजचा लेख त्यावर. मी मेंदूचा तज्ज्ञ नाही. परतवाड्यात तीस वर्षांहून अधिक काळ साधा दवाखाना चालवणारा डॉक्टर आहे. पण ही तार ज्यांच्या डोक्यात आहे अशा एका माणसाला मी सुरुवातीपासून जवळून पाहिले आहे, आणि त्यांच्यामुळे या विषयाचे वाचनही करावे लागले.

ते माझे शाळेतील गुरुजी. त्यांचे नाव येथे देत नाही. सातवीपर्यंत मी त्यांच्या हाताखाली शिकलो. फळ्यावरचे त्यांचे अक्षर म्हणजे छापल्यासारखे. दुसऱ्या वर्गाचे मास्तरही येऊन पाहून जात. २००६ साली, वयाच्या ५४व्या वर्षी, ते उजवा खांदा आखडल्याची तक्रार घेऊन माझ्याकडे आले. मी खांदा आखडण्याच्या नेहमीच्या आजाराचे निदान केले, वेदनाशामक गोळ्या दिल्या, शेकायला सांगितले. असे जवळपास वर्षभर चालले. चालताना त्यांचा उजवा हात हलत नव्हता, चेहऱ्यावरचे हसू कमी झाले होते, हे माझ्या डोळ्यांसमोर होते. मी पाहिले, पण ओळखले नाही. कंपवाताची सुरुवात पुष्कळदा कंपाने होत नाही. खांदा आखडण्याने, वास न येण्याने, झोपेत हातपाय झाडण्याने, बद्धकोष्ठाने होते. हे पुस्तकात वाचलेले होते. आपल्याच गुरुजींच्या बाबतीत ते आठवले नाही, याची टोचणी मला आजही आहे.

ओळखले ते शेवटी अक्षरावरून. निवृत्तीवेतनाच्या कागदांवर साक्षांकन हवे म्हणून ते आले आणि माझ्यासमोर सही करू लागले. पहिले अक्षर ठीक, दुसरे लहान, तिसरे त्याहून लहान, आणि शेवट मुंगीच्या पावलासारखा. बँकेने सही जुळत नाही म्हणून कागद परत केले होते. गुरुजी म्हणाले, "अरे, हा हात माहं आयकतच नाही. उठ म्हणतो, तर पाच मिनिटं इचारच करते." कंपवाताचे याहून चांगले वर्णन मी कोठल्याच ग्रंथात वाचलेले नाही. हात दुबळा नसतो. हुकूम पोचायला उशीर होतो.

लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या रोगावर छोटे पुस्तक लिहिले, म्हणून त्याला पार्किन्सनचा रोग म्हणतात. मेंदूच्या बुडाशी करड्या रंगाच्या पेशींच्या काही गाठी आहेत. हालचाल सुरू करायची की नाही, किती करायची, कोठे थांबवायची, हे त्या ठरवतात. त्यांना डोपामाइन नावाचे रसायन पुरवणाऱ्या पेशींचा एक पट्टा आहे, तो रंगाने काळपट असतो. कंपवातात या काळ्या पट्ट्यातील पेशी हळूहळू मरतात. गंमत अशी की निम्म्याच्या आसपास पेशी जाईपर्यंत माणसाला काही कळतही नाही.

डोपामाइन सरळ गोळीतून दिले तर ते मेंदूत शिरत नाही. त्याच्या आधीची पायरी, म्हणजे लेव्होडोपा, मात्र शिरते आणि आत जाऊन डोपामाइन बनते. सिंडोपा या नावाने आपल्याकडे बहुतेकांना ठाऊक असलेली गोळी हीच. येथे एक गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे. आपल्या मेळघाटात कुंपणाकुंपणांवर चढणारी खाजकुहिली, जिच्या शेंगेला हात लागला की माणूस दिवसभर खाजवत बसतो, तिच्या बियांत हे लेव्होडोपा निसर्गतःच असते. १९३७ साली दामोदरन आणि रामस्वामी या दोन भारतीय शास्त्रज्ञांनी ते त्या बियांतून वेगळे काढून दाखवले. १९७८ साली मुंबईच्या डॉ. अशोक वैद्य व त्यांच्या सहकाऱ्यांनी कंपवाताच्या रुग्णांवर या बियांच्या प्रयोगाचा अहवाल प्रसिद्ध केला. पण म्हणून कोणी जंगलातून बिया आणून कुटून खाऊ नये. कोणत्या बीत किती औषध आहे ते डोळ्यांना दिसत नाही, आणि गोळी चालू असताना वरून बियांचे चूर्ण घेतलेला एक रुग्ण माझ्याकडे उलट्या आणि भ्रम होऊन आला होता.

गोळीने गुरुजी सुधारले. पहिली पाच-सहा वर्षे तर इतकी चांगली गेली की काकू मला म्हणत, "डाक्टर, रोग गेलाच म्हना ना आता." रोग गेला नव्हता. २०१३च्या सुमारास गोळीचा असर चार तासांऐवजी अडीच तासांत उतरू लागला. उतरला की गुरुजी खुर्चीत दगडासारखे. पुढची गोळी चढली की अर्ध्या तासाने सुटत, पण मग मान आणि खांदे नाचल्यासारखे आपोआप वळवळत. दिवसाचे सहा डोस झाले. बाहेर जायचे तर घड्याळ पाहून. एकदा लाकूड बाजाराजवळच्या रस्त्यावर मधोमध पाय जमिनीला चिकटले आणि मागून ट्रक हॉर्न वाजवत उभा. काकूंनी त्यांच्या पायापुढे आपली पिशवी टाकली आणि म्हणाल्या, "हे ओलांडा." गुरुजींनी पिशवी ओलांडली आणि चालू लागले! समोर ओलांडायला काही दिसले की थिजलेला पाय सुटतो, हे त्यांना कोणी शिकवले नव्हते.

या टप्प्यावर मुंबईच्या मेंदूतज्ज्ञांनी शस्त्रक्रियेचा विषय काढला.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. तार घातल्याने मेंदूत काय होते? हे समजण्यासाठी आधी कंपवातात मेंदूत काय चालते ते पाहिले पाहिजे.

वर सांगितलेल्या गाठींपैकी एक अगदी लहान. आकाराने साधारण तुरीच्या दाण्याएवढी, दोन्ही बाजूंना एकेक. फ्रान्सच्या लुईस नावाच्या शास्त्रज्ञाने १८६५ साली तिचे वर्णन केले. तिचे नाव सबथॅलॅमिक न्यूक्लियस. आपण तिला तुरीचा दाणाच म्हणू. हा दाणा हालचालीला लगाम घालण्याच्या कामातला आहे. डोपामाइन कमी झाले की तो अति जोराने काम करू लागतो आणि लगाम सुटतच नाही. १९८२ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियात भेसळीचे मादक द्रव्य टोचून घेतलेल्या काही तरुणांना एकाएकी कंपवातासारखा आजार जडला. त्या भेसळीतील विषामुळे माकडांत हा आजार निर्माण करून अभ्यासता येऊ लागला. १९९० साली बर्गमन, विख्मन आणि डीलाँग या तिघांनी दाखवले की अशा माकडाचा हा दाणा निकामी केला की त्याची जखडलेली हालचाल सुटते.

त्याआधी, १९८७ साली, फ्रान्समधील ग्रेनोबल येथे प्रा. बेनाबिद हे कापरे थांबवण्यासाठी मेंदूचा एक लहानसा भाग जाळण्याची जुनी शस्त्रक्रिया करीत. आपल्या देशातही मद्रासला डॉ. बी. राममूर्ती व त्यांचे सहकारी १९६०च्या दशकापासून अशा शस्त्रक्रिया करत होते. जाळण्याआधी जागा बरोबर आहे ना, हे पाहण्यासाठी तेथे बारीक विद्युत्प्रवाह सोडून पाहण्याची रीत होती. बेनाबिद यांच्या ध्यानात आले की सेकंदाला शंभराच्या वर ठोके सोडले की कापरे जागच्या जागी थांबते आणि बंद केले की परत येते. मग जाळायचे कशाला? तार तेथेच ठेवली तर? १९९३ पासून त्यांच्या चमूने तुरीच्या दाण्यात तार ठेवायला सुरुवात केली. बेनाबिद आणि डीलाँग या दोघांना २०१४ साली यासाठी लास्कर पारितोषिक मिळाले. आपल्याकडे १९९०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईच्या जसलोक रुग्णालयात डॉ. परेश दोशी यांनी ही शस्त्रक्रिया सुरू केली. २००३ साली त्यांनी डॉ. मोहित भट यांच्यासह आपल्या रुग्णांचा अहवाल भारतीय नियतकालिकात प्रसिद्धही केला.

प्रारंभी सर्वांचा समज असा की वीज सोडल्याने दाणा बधिर होतो, म्हणजे न जाळता जाळल्याचाच परिणाम. हे पुरते खरे नाही, असे पुढे दिसले. दाण्यातील पेशींचे स्वतःचे बोलणे मंदावते, पण त्या पेशींतून निघणारे आणि तेथून जाणारे तंतू विजेने उलट चेततात. २००३ साली माकडांवरील नोंदींत असे आढळले की दाण्यात वीज सोडल्यावर त्याच्या पुढची गाठ शांत होत नाही, ती अधिकच बोलू लागते. मात्र तिच्या बोलण्याला एक नियमित ठेका येतो. म्हणजे पेशी किती बोलतात यापेक्षा त्या कशा बोलतात, हे महत्त्वाचे ठरले.

मी हे गुरुजींना समजावून सांगायचा प्रयत्न केला आणि अडखळलो. एका लाटेचे चित्र कागदावर काढून दाखवले. कंपवात असलेल्या माणसाने गोळी घेतलेली नसताना त्याच्या दाण्यातील पुष्कळशा पेशी एकाच तालावर डोलू लागतात, सेकंदाला साधारण १३ ते ३० वेळा. या लाटेला बीटा लाट म्हणतात. बसवलेल्या तारांतूनच तिची नोंद घेता येते, आणि लंडनच्या पीटर ब्राउन यांच्या चमूने २००१च्या सुमारास रुग्णांत ती नीट दाखवून दिली. निरोगी मेंदूतही ही लाट असते, पण हालचाल करायच्या वेळी ती खाली बसते. कंपवातात ती बसतच नाही.

गुरुजींनी चित्राकडे पाहिले आणि म्हणाले, "म्हणजे वर्गात पाढे म्हणण्यासारखं झालं."

मी विचारले, कसे काय? ते म्हणाले, साठ पोरे एका सुरात सतराचा पाढा म्हणतात तेव्हा आवाज मोठा असतो, पण कोणाला येतो आणि कोणाला येत नाही हे मास्तराला काही कळत नाही. एकेकाने वेगवेगळे बोलले तरच काय चालले आहे ते समजते. सगळे एकसुरात ओरडू लागले की वर्गात काही शिकवताच येत नाही.

अगदी असेच. पेशींनी आपापले वेगळे बोलावे तेव्हा निरोप जातो. सगळ्या एका सुरात लागल्या की त्या गोंगाटात "हात उचल" हा साधा हुकूमही बुडून जातो. लेव्होडोपाची गोळी चढली की हा एकसूर मोडतो. तारेतून वीज सोडली तरीही मोडतो. आणि तो जितका मोडेल तितकी अंगाची ताठरता व मंदपणा कमी होतो, असे अनेक नोंदींत दिसले आहे. कापऱ्याचे मात्र निराळे आहे. त्याचा स्वतःचा ताल सेकंदाला ४ ते ६ असतो आणि बीटा लाटेशी त्याची सांगड तितकीशी घट्ट नाही. म्हणून कोणाचे कापरे आधी थांबते तर कोणाची ताठरता आधी सुटते.

आता विजेचे ठोके पाहा. सामान्यतः सेकंदाला १३०, प्रत्येक ठोका सेकंदाच्या दहा लाखांश भागांपैकी ६० भाग टिकणारा. हिशेब केला तर दिवसाला १ कोटी १२ लाखांवर ठोके होतात. गुरुजींची शंका रास्त होती : "हाही एकसूरच झाला की रे. मग एक जाऊन दुसरा आला, फरक काय पडला?" याचे एक उत्तर शास्त्रज्ञ असे देतात. पिठाच्या गिरणीशेजारी राहणाऱ्या माणसाला गिरणीचा आवाज काही दिवसांनी ऐकूच येत नाही, कारण तो सारखा असतो, त्यात बातमी काही नसते. पण कोणी थांबून थांबून डबा बडवत असेल तर त्याकडे कान जातोच. रोगट एकसूर हा थांबून थांबून बडवलेल्या डब्यासारखा, तो बाकीच्या मेंदूला अडवतो. विजेचा वेगवान, सारखा ठेका हा गिरणीच्या घरघरीसारखा. तो डब्याचा आवाज पुढे जाऊ देत नाही, आणि बाकीचा मेंदू त्याच्याकडे दुर्लक्ष करून आपले काम करतो. याशिवाय, मेंदूच्या पृष्ठभागापासून या दाण्यापर्यंत थेट येणारे तंतू आहेत. वीज त्यांच्यातून उलट्या दिशेने वर जाते आणि तेथलाही अति जुळलेला ताल सैल करते, असे पुरावे आहेत. ही सगळी कारणे कमी-जास्त प्रमाणात खरी असावीत, असे माझे मत झाले आहे.

शस्त्रक्रिया २०१६ साली मुंबईत झाली. अमरावतीहून रात्रीच्या गाडीने आम्ही चौघे गेलो : गुरुजी, काकू, त्यांचा मुलगा आणि मी. खर्च दहा लाखांच्या वर गेला. जमीन विकली नाही. मुलाने दोन वर्षांचा आंबिया बहार व्यापाऱ्याला आगाऊ दिला, उरलेले गुरुजींच्या फंडातून आणि थोडे नातेवाइकांकडून. काकूंचा विरोध होता. "डोस्क्यात भोक पाडून घ्यायचं आन् पैसेबी आपनच द्यायचे?" त्या मला एकट्याला गाठून म्हणाल्या. मी त्यांना खात्री देऊ शकलो नाही. शंभरांत एक-दोघांना मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, काहींना जंतुसंसर्ग होऊन सगळे काढावे लागते. हे मी सांगितले आणि गप्प बसलो.

संमतीपत्रावर गुरुजींनी सही करायला घेतली. गोळी आदल्या रात्रीपासून बंद होती, कारण रोगाचा खरा चेहरा शस्त्रक्रियेच्या वेळी दिसावा लागतो. पेन कागदावर टेकला तो तेथेच राहिला. परिचारिकेने शाईची डबी आणली आणि अंगठा घेतला. ज्या माणसाने शेकडो मुलांना सही करायला शिकवले त्याचा अंगठा घेतला जात होता. कोणी काही बोलले नाही.

शस्त्रक्रियेत रुग्ण जागा असतो. डोक्याला धातूची चौकट स्क्रूने बसवतात, कातडी बधिर करतात, कवटीला बारीक भोक पाडतात. मेंदूला स्वतःला वेदना नसते. मग केसाहून थोडी जाड अशी तपासणीची तार मिलिमीटर मिलिमीटर करत आत सोडतात आणि ती ज्या पेशीजवळून जाते तिचा विजेचा आवाज ध्वनिवर्धकावर ऐकतात. गुरुजींनी नंतर सांगितलेले वर्णन मी विसरणार नाही : "आधी काहीच नाही. मग कोठेतरी दोन-चार थेंब. आणि मग एकाएकी टिनावर पाऊस पडावा तसा आवाज. डॉक्टर म्हणाले, आलो." तो दाणा होता. तज्ज्ञ त्यांना मूठ उघडायला आणि मिटायला सांगत आणि पावसाचा आवाज बदले. मग कायमची तार घालून वीज सोडून पाहिली. डाव्या मेंदूत वीज, उजवा हात सैल! थोडी वाढवली तर गाल ओढला गेला आणि जीभ अडखळली. म्हणजे वीज शेजारच्या तंतूंत सांडली. तेव्हा थोडी कमी केली. दीड मिलिमीटरहूनही बारीक अशी ती तार, तिच्या टोकाशी चार संपर्कबिंदू, आणि त्यातले कोणते वापरायचे याचा हा सगळा खटाटोप. नंतर गळपट्टीच्या हाडाखाली कातडीत विजेचा डबा बसवला आणि तार मानेतून आतल्या आत त्याला जोडली.

घरी आल्यावर आठ-दहा दिवस गुरुजी यंत्र सुरू नसतानाही छान चालत. गल्लीत पेढे वाटले गेले. मग हळूहळू पुन्हा जखडले. मुलाचा रात्री फोन : "डॉक्टर, पैसे पाण्यात गेले काय?" नव्हते गेले. तार आत जाताना दाण्याला जी किंचित इजा व सूज होते तिनेही काही दिवस आराम पडतो. सूज उतरली की तो जातो. यासाठीच यंत्राची मांडणी काही आठवड्यांनंतर करतात. पुढे सहा महिन्यांत चार वेळा मुंबईला जावे लागले. प्रत्येक वेळी ठोक्यांचा जोर, बिंदू, गोळ्या यांचा मेळ घालायचा. एका खेपेला तज्ज्ञांनी यंत्र बंद करून दाखवले. कापरे काही सेकंदांत परतले, ताठरता थोड्या वेळाने. चाल बिघडायला मात्र बराच वेळ लागला. सुरू केल्यावर त्याच क्रमाने सगळे सुधारले. यावरूनही दिसते की वीज मेंदूत एकच एक काम करत नाही. काही परिणाम तात्काळ, काही सावकाश.

सहा डोसांचे तीन झाले. मानेची वळवळ जवळजवळ थांबली. गुरुजी बगीच्यात एकटे जाऊ लागले.

पण मी पूर्ण चित्र दिले नाही तर तो वाचकांवर अन्याय होईल. त्यांचा आवाज शस्त्रक्रियेनंतर बारीक झाला आणि तो झालाच. पहिल्या वर्षी तीन महिने ते उदास होते, कशात मन नाही, काकूंशीही बोलत नसत. मी ते गांभीर्याने घेतले, कारण जसलोकच्याच डॉक्टरांनी २००२ साली या शस्त्रक्रियेनंतर नैराश्य येऊन आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या रुग्णांविषयी आंतरराष्ट्रीय नियतकालिकात उघडपणे लिहिले होते. आपल्या कामातले वाईटही छापून काढणारे डॉक्टर मला अधिक विश्वासाचे वाटतात. औषधे आणि वीज यांत फेरफार करून ते दिवस गेले. आणि रोग आत चालूच आहे. वीज एकसूर मोडते, मरणाऱ्या पेशी वाचवत नाही. अलीकडे गुरुजींचा तोल जातो, घरात काठी लागते. त्यावर तारेचा फारसा उपयोग नाही.

आणखी एक सावधगिरी. अशा रुग्णाला डायथर्मी नावाचा विजेचा खोल शेक कधीही द्यायचा नसतो. तारेच्या टोकाशी उष्णता होऊन मेंदूला इजा होऊ शकते. गुडघा दुखतो म्हणून गुरुजी एका ठिकाणी शेक घ्यायला गेले. यंत्र जवळ आणलेही होते. काकू ओरडल्या, "थांबा! यायच्या छातीत डबा हाये, करंटचा शेक चालत नाही यायले!" आणि ओळखपत्र काढून दाखवले. ज्या काकूंचा या सगळ्याला विरोध होता, त्यांना आता यंत्राची आमच्यापेक्षा जास्त माहिती आहे.

डब्याची बॅटरी २०२१ साली बदलली. साधी बॅटरी तीन ते पाच वर्षे चालते, बाहेरून चार्ज करता येणारी पुष्कळ अधिक, पण महाग. हा खर्च पहिल्याच दिवशी धरून चालावे. त्या वेळच्या संमतीपत्रावर गुरुजींनी सही केली. शेवटची दोन अक्षरे बारीकच गेली, पण सही जुळली. नवी यंत्रे आता मेंदूतील बीटा लाट स्वतः ऐकून गरजेप्रमाणे वीज कमी-जास्त करतात. अशा यंत्राला अमेरिकेत फेब्रुवारी २०२५ मध्ये मान्यता मिळाली. म्हणजे सतत छडी आपटत बसणाऱ्या मास्तराऐवजी, पोरांनी सूर धरला की तेवढ्यापुरती छडी आपटणारा मास्तर. ही उपमाही गुरुजींचीच.

आता चांदूर बाजारच्या वाचकांना उत्तर. ही शस्त्रक्रिया ज्यांना लेव्होडोपाची गोळी चांगली लागू पडते, पण असर टिकत नाही किंवा अंग वळवळते, अशांसाठी आहे. साधा नियम असा की उत्तम गोळी चढलेली असताना जे सुधारते तेच तारेने सुधारेल. कापरे तेवढे याला अपवाद, ते गोळीला दाद देत नसले तरी पुष्कळदा थांबते. गोळी चढूनही जो तोल जातो, जे विसरणे होते, ते तारेने सुधारत नाही. विसराळूपणा तर वाढण्याचा धोका असतो. आपल्या वडिलांचे वय ७६, त्यात विसरणे आणि पडणे. तुमच्या चिठ्ठीवरून तरी ते या शस्त्रक्रियेसाठी योग्य दिसत नाहीत. तेव्हा गिऱ्हाइकाला महिनाअखेरीस नाही म्हणून सांगा. बगीचा राहू द्या. वडिलांच्या गोळ्यांच्या वेळा नीट लावून, चालण्याचा आणि बोलण्याचा व्यायाम शिकवून बरेच साधते. मुंबईत २००१ साली स्थापन झालेली पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी आणि पुण्याचे पार्किन्सन्स मित्रमंडळ रुग्णांना व घरच्यांना याबाबत मार्गदर्शन करतात.

एखाद्या सकाळी वडिलांना घेऊन दवाखान्यात या. सकाळची गोळी घरी देऊ नका, सोबत आणा. माझ्यासमोर देऊ आणि तासभर बसून पाहू. सोबत दुसरे कोणीतरी असू द्या, वाटेत ते जखडतील. आणि एक कोरी वही आणा.